परत फिरायला लाजायचं नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीने मला ‘नॉर्वेबद्दल काहीतरी बोल’ असं सांगितलं आहे. पण आपल्या बॅचच्या ग्रुपवर अकरा जणांनी पुढच्या ईस्टरला माझ्याकडे ऑस्लोला यायचं आणि डोंगरावर स्कीइंगला जायचं, असं परस्पर ठरवूनही टाकलंय! तेव्हा निसर्गसौंदर्य तुम्ही फोटोत बघा. मी त्या सहलीची आखणी कशी करणार आहे, ते सांगते. तिकिटं काढण्याआधी ऐकलेलं बरं.

आधी एक खुलासा. आपण जे करणार ते क्रॉस-कंट्री स्कीइंग. पाळण्यातून वर जाऊन सुसाट खाली येणं नव्हे. अरुंद, हलक्या स्की, बुटाचा फक्त पुढचा भाग अडकवलेला, टाच मोकळी, हातात दोन काठ्या. थोडं चालायचं, थोडं घसरायचं. ऐकायला सोपं वाटतं, आणि धोका तिथेच आहे.

आपण जाणार फिन्सेला. समुद्रसपाटीपासून 1222 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटर बुटकं. पण अक्षांश साठच्या वर, त्यामुळे झाडं नाहीत, वाऱ्याला आडोसा नाही. मोटारीचा रस्ताही नाही, फक्त रेल्वे. शेजारच्या हार्डांगरव्हिड्डा पठारावर 1896 मध्ये रोआल्ड आमुंडसेन भावाबरोबर वादळात सापडला होता. झोपेत असताना अंगावरचं बर्फ गोठून तो आत अडकला, भावाने खणून बाहेर काढलं. हाच माणूस पुढे 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला. डोंगर लहान आहे, म्हणून तो सौम्य आहे असं धरायचं नाही.

1967 च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत 18 माणसं गेली. त्यानंतर तिथल्या रेड क्रॉसने आणि पर्यटन संघाने पर्वतनियम घराघरांत पोहोचवले. ते एका प्रसिद्ध चॉकलेटच्या वेष्टणाच्या आतही छापलेले असतात. नियम नऊच. त्यांच्या आधारे आपली आखणी अशी.

पहिलं काम नकाशाचं. भूगोलाच्या बाईंनी समोच्च रेषा शिकवल्या, तेव्हा आपण त्या फक्त गुणांसाठी काढल्या. तिथे त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. हिमप्रपात बहुतेक करून 30 अंशांहून तीव्र उतारावरून सुटतात. 1:50,000 च्या नकाशात 20 मीटरच्या रेषा साधारण 0.7 मिलिमीटर अंतरावर आल्या, की उतार 30 अंशांचा. आणि आपण सपाटीवर असलो म्हणून सुटलो असं नाही. उताराची जेवढी उंची, त्याच्या तिप्पट अंतरापर्यंत बर्फ येऊ शकतं असा तिथे ठोकताळा आहे. शंभर मीटरच्या उतारापासून तीनशे मीटर लांब राहायचं. आपला मार्ग मी असा आखणार की तो उताराखालून जाणारच नाही. गोठलेल्या तलावावरूनही, नदी आत शिरते किंवा बाहेर पडते तिथून, कुणी जाणार नाही.

दुसरं, हवामान आणि हिमप्रपाताचा इशारा. इशारा एक ते पाच अशा पातळ्यांत देतात. ‘तीन’ म्हणजे मधलं, चालेल, असं मनात येतं. पण तीनच्या दिवशीही माणसं मरतात, कारण त्या दिवशी लोक घराबाहेर पडतात. वाऱ्याचंही तसंच. उणे 10 अंश आणि सेकंदाला 10 मीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे 20 वाटतं.

तिसरं, वेळेचा हिशोब. नवख्यांसाठी मी ताशी तीन किलोमीटर धरते, तेही थांबे सोडून. दहाला निघालो तर एक वाजता, जिथे असू तिथून, परत. समोर झोपडी दिसत असली तरी. सगळ्यांचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याएवढा. प्रत्येकाच्या पाठीवर जादा लोकरी कपडे, वारा अडवणारं जाकीट, थर्मासमध्ये गरम पाणी, खाणं. गटात कागदी नकाशा, होकायंत्र, फावडं आणि वारा अडवणारी पिशवी. फोन थंडीत अचानक मान टाकतो, म्हणून तो आतल्या खिशात. आणि कुठे जातोय, कधी परतणार, हे हॉटेलात सांगून निघायचं. शिवाय पहिले दोन दिवस ऑस्लोजवळच्या जंगलातल्या आखलेल्या वाटांवर सराव, आणि फिन्सेला तिथला माहीतगार वाटाड्या. तो डोंगर माझ्याही सवयीचा नाही.

आता मला खरी काळजी कशाची वाटते, ते सांगते. बर्फाची नाही, आपली. आपण तीस वर्षांचे मित्र. एकजण दमलेला असेल, पण बोलणार नाही, कारण ‘माझ्यामुळे सगळ्यांचा विरस नको.’ दुसऱ्याला ढग दिसतील, तोही गप्प, कारण बाकीचे खुशीत आहेत. आपल्यातले बरेच जण दर पावसाळ्यात गडांवर जातात. त्यांना हे नवीन नाही. ओळखीच्या माणसांत ‘नको’ म्हणणं फार अवघड जातं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवी आवृत्ती लोकांपर्यंत सोडण्याआधी ती मागे कधी घ्यायची हे लिहून ठेवतात. रात्री दोनला, सगळे थकलेले असताना, तो निर्णय नव्याने घ्यायचा नसतो. डोंगरावरही तसंच. म्हणून आपल्या अटी फिन्सेच्या हॉटेलात, गरम सूप पिताना ठरतील: किती वारा असला तर निघायचं नाही, किती वाजता वळायचं. आणि अकरांपैकी कुणीही एकाने ‘परत’ म्हटलं, की परत. कारण विचारायचं नाही, नंतर ग्रुपवर चेष्टाही करायची नाही. नॉर्वेच्या नऊ नियमांतला आठवा हेच सांगतो, की परत फिरण्यात लाज नाही.

हे ज्यांना मान्य आहे त्यांनी मला आपल्या गुडघ्यांची, औषधांची आणि रोजच्या चालण्याची खरी माहिती कळवा. खरी, ग्रुपवर सांगता ती नव्हे! कुणाला वाटलं की हे आपल्याला झेपणार नाही, तर त्यांनीही जरूर या. फिन्सेच्या स्टेशनाजवळ खिडकीशी बसून कॉफी पिणाऱ्यांचीही एक तुकडी मला हवीच आहे. आम्ही ठरल्या वेळेला परतलो नाही, तर मदतीला फोन करणारं कुणीतरी पाहिजे ना.