काट्याआधी पाणी पाहा
(फरीदाबाद येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



फरीदाबादला मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपर्यंत चढतो. बदरपूर सीमेवर वाहनांची रांग लागते आणि मोटारीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. आपल्यापैकी काहीजण टपालाची गाडी चालवतात, काहींनी कर्ज काढून जुनी मोटार घेतली आहे. इंजिन जळाले तर कामगाराच्या घरचा हिशेब वर्षभर जुळत नाही. म्हणून दोष कसा शोधावा, ते आज सांगतो.

आम्ही रेल्वेची माणसे, तेव्हा उदाहरणही घरचेच देतो. 1964 पासून बनारसच्या कारखान्यात बनलेल्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनावर दोन वेगळे पहारेकरी असत. पाणी फार तापले की एक स्विच घंटा वाजवी. पाणी कमी झाले की दुसरा स्विच इंजिनच बंद करी. बहुतेक मोटारींत काट्याला खबर देणारा एकच सेन्सर असतो आणि तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी गळून तो उघडा पडला, तर काटा खाली आणि इंजिन मात्र तापून लाल, असेही घडते. आता अनेक गाड्यांत काटाही नाही. नुसता लाल दिवा असतो. म्हणून रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतील कूलंटची पातळी पाहा.

वाटेत गाडी तापली तर एसी बंद करा, गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जातो.

इंजिन निवल्यावर क्रमाने तपासा. पातळी कमी असेल तर गळती शोधा: होज पाइप, पंप, रेडिएटर. बाहेर कोठेच गळत नाही, तरी पाणी घटते, धुराड्यातून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ दिसते, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या आणि गाडी पुढे नेऊ नका.

पातळी ठीक आहे, तर गाडी कधी तापते ते आठवा. कोंडीत तापते आणि धावू लागली की निवते, तर पंख्याचा फ्यूज, रिले आणि मोटर पाहा. मोकळ्या रस्त्यावरही तापते, तर रेडिएटर तुंबला असेल, पंप नीट काम करत नसेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल. वरची नळी खूप गरम आणि खालची गार लागली, तर पाणी फिरत नाही असे समजा. उलट इंजिन तापतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच राहिला असण्याचा संभव आहे. काटा एकदम उडी मारत असेल, तर आधी सेन्सरची वायर पाहा. चारशे रुपयांच्या दोषासाठी चार हजारांचा रेडिएटर बदलू नका.

येथील बोअरचे पाणी जड आहे. भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

शेवटी, ड्यूटीवर गाडी चालवणाऱ्या बांधवांना एक सांगणे आहे. गाडी तापते, हे तोंडी सांगून थांबू नका. तारीख, वेळ, काट्याची स्थिती आणि किती पाणी भरले ते लॉगबुकात लिहा. “तशीच घेऊन जा” असा हुकूम झाला, तर तो लेखी मागा. इंजिन जळाल्यावर चौकशीत पहिले बोट ड्रायव्हरकडे वळते आणि तेव्हा त्याच्या बाजूने त्याच्याच हातच्या त्या चार ओळी बोलतात. यंत्राची काळजी घेणे आपले कर्तव्य आहे. नादुरुस्त यंत्राचा दोष अंगावर न घेणे हा आपला हक्क आहे.