विजेचा हिशेब कोणाच्या नांवावर?

(नागपूरजवळच्या एका खेड्यांत शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आम्ही कांहीं व्याख्याते नाहीं. खेड्यांतल्या शाळेंत पोरांना बेरीज-वजाबाकी शिकविणें हा आमचा धंदा, आणि आज आपल्यापुढें आम्ही तेवढेंच करणार आहोंत. एक बेरीज व एक वजाबाकी. विषय विजेचा आहे.

बेरीज आधीं करूं. कोराडीच्या वीजकेंद्रांत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे १,९८० मेगावॅट. तेथला पहिला संच १९७४ सालीं सुरू झाला. ते जुने लहान संच आम्ही यांत धरीत नाहीं. खापरखेड्यास २१० चे चार व ५०० चा एक, मिळून १,३४०. मौद्यास केंद्र सरकारच्या एनटीपीसीचे ५०० चे दोन व ६६० चे दोन, मिळून २,३२०. एकंदर ५,६४० मेगावॅट, आणि हें सारें एका नागपूर जिल्ह्यांत. मेगावॅट म्हणजे काय हें शाळेंत पोरें विचारतात, पारावर थोरही विचारतात. तेव्हां आपल्या मापानें सांगतों. पांच अश्वशक्तीची विहिरीवरची मोटार सुमारें चार किलोवॅट घेते. एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट. त्यावर अशा अडीचशें मोटारी चालतात. ५,६४० ला अडीचशेंनीं गुणा, चौदा लाख दहा हजार मोटारी होतात. सगळे संच एकाच वेळीं पुऱ्या जोरानें चालत नाहींत, तारेंतही कांहीं वीज वाटेंत मरते, म्हणून निम्मेंच धरा. तरी सात लाख. असें असून आपल्या गांवची मंडळी ऐन थंडीत रात्रीं एक वाजतां बॅटरी व काठी घेऊन हरभऱ्याच्या ओलिताला निघते, पायाखालीं परड आहे कीं काडी हें चांचपत. त्या वाटेवरून चिमण्यांचे तांबडे दिवे स्वच्छ दिसतात.

रात्रींच कां? यांत कोणा एकाचा दुष्टपणा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कोळशाची भट्टी ही चूल नव्हे, कीं फुंकर मारली पेटली, पाणी टाकलें विझली. ती बंद करून पुन्हां तापविण्यास कैक तास लागतात. दिवसा व संध्याकाळीं शहरें, कारखाने, कचेऱ्या वीज ओढतात. मध्यरात्रीं त्यांची ओढ कमी होते, पण भट्टी तर पेटलेलीच असते. तेव्हां उरलेली वीज कोणाला तरी द्यावी लागते. ती शेतीपंपाला दिली. म्हणून पाळी ठरली; आठवड्याचे कांहीं दिवस दिवसा आठ तास, कांहीं दिवस रात्रीं. पंगत उठल्यावर जें उरतें तें ज्याच्या पानांत पडतें त्याला आपण काय म्हणतों, हें आपणांस ठाऊक आहे. नवल एवढेंच कीं येथें पंगतीला धान्य त्यानेंच पिकवून दिलें आहे.

वीज जाते कोठें, हेंही सांगतों. चंद्रपूरच्या वीजकेंद्रापासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एक मोठी तार आहे. ती १९९९ च्या सुमारास सुरू झाली व १,५०० मेगावॅट वाहून नेऊं शकते. विदर्भांतून निघावें तें थेट समुद्राकांठीं उतरावें, अशी ती सोय. मुंबईच्या कामगारानें आमची वीज वापरूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. तोही आपलाच भाऊ, आणि वीज ही कोणा जिल्ह्याची वडिलोपार्जित इस्टेट नव्हे. पण तारेंतून वीज जाते, राख जात नाहीं. आपल्याकडच्या कोळशांत शंभर पोत्यांमागें तीस ते चाळीस पोतीं राख निघते. ती येथेंच राहते. जुलै २०२२ मध्यें कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हां तें राखाडी पाणी आजूबाजूच्या वावरांत व नाल्यांत शिरलें. काळ्या रानांत सिमेंटासारखा थर बसला म्हणजे काय होतें, हें सांगावयास शेतकीचा पदवीधर नको.

यानंतर एका वर्षाच्या आंतच, २९ मे २०२३ रोजीं, कोराडीस ६६० चे आणखी दोन संच बसविण्याविषयीं जनसुनावणी झाली. नागपूरचा मे महिना! माणसें सावली शोधीत असतात, त्यांना मत विचारावयास तोच महिना सरकारला सांपडला. धुरांतील गंधकाचेंही असेंच. डिसेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें नियम केला कीं दोन वर्षांत हा गंधकवायु आटोक्यांत आणावा. मुदत वाढली, पुन्हां वाढली, पुन्हां वाढली. आणि जुलै २०२५ मध्यें देशांतील बहुतेक केंद्रांना त्यांतून सूटच मिळाली. आमच्या शाळेंतला पोरगा गृहपाठ आठ दिवस लांबवितो तर त्याला कोपऱ्यांत उभें राहावें लागतें.

कोणी म्हणेल, नागपूरचा माणूस मंत्री झाला कीं हें सारें सुधारेल. हा भाबडेपणा आतां पुरे. २०१४ पासून २०१९ पर्यंत ऊर्जाखातें चंद्रशेखर बावनकुळे यांच्याकडे होतें. ते तर कोराडीचेच. २०२० पासून २०२२ पर्यंत नितीन राऊत, उत्तर नागपूरचे. त्यांनीं शंभर युनिटपर्यंत वीज मोफत देण्याची गोष्ट काढली होती. ती गोष्टच राहिली. २०२२ पासून तें खातें देवेंद्र फडणवीस यांच्याकडे आलें, तेही नागपूरचेच. पक्ष एक नव्हे, झेंडा एक नव्हे. जात-पक्ष-गांव पाहून आपण जयजयकार करतों आणि रात्रींची पाळी तशीच राहते. सौर ऊर्जेवर दिवसा वीज देण्याची योजना निघाली आहे, कांहीं फीडरांवर ती आलीही आहे, हें कबूल केलें पाहिजे. ज्या फीडरावर आली तेथल्या माणसाला जाऊन विचारा, किती तास व कोणत्या महिन्यांत. जाहिरातीला विचारूं नका.

आतां वजाबाकी. ही नीट ऐका, कारण यांत आपली अब्रू गुंतली आहे.

शहरांत, पेठेंत, कुठल्याही चारचौघांत शेतकऱ्याचें नांव निघालें कीं एक वाक्य हमखास येतें: शेतकरी वीज फुकट खातो, आणि त्याचा भार आमच्या बिलावर पडतो. आमचे नागपूरचे कोष्टी बांधव यंत्रमाग चालवितात. विजेचें बिल पाहून त्यांच्या पोटांत गोळा येतो, आणि त्यांना सांगितलें जातें कीं तुझा दर चढा आहे तो त्या शेतकऱ्यापायीं. मागवाला शेतकऱ्यावर जळतो, शेतकरी मागवाल्यावर. दोघे भांडत असतां तिसऱ्याची वही कोणी उघडत नाहीं. ती आपण उघडूं.

पुष्कळ शेतीपंपांना मीटर नाहीं. कांहींना आहे पण बंद. त्यांचें बिल मोटारीच्या अश्वशक्तीवर काढतात. मग त्यांनीं खरोखर किती युनिट वापरले? तें मोजलेलें नसतें, अंदाजानें लिहिलेलें असतें. समजा, शंभर युनिट वीज तारेंत सोडली. हे आंकडे उदाहरणाचे आहेत, खरे नव्हेत. मीटर असलेल्या गिऱ्हाइकांनीं साठ घेतले. उरले चाळीस. या चाळिसांत शेतीचा वापर किती, आणि चोरी व गळती किती? कंपनीनें शेतीला तीस लिहिले तर गळती दहाच दिसते. कारभार चोख ठरतो, पाठ थोपटली जाते. शेतीला पंधरा लिहिले तर गळती पंचवीस होते, आणि वरचे साहेब जाब विचारूं लागतात. मग कोणता आंकडा लिहावा असें वाटेल? शेतकरी कांहीं वही तपासावयास येत नाहीं. शिवाय शेतीसाठीं सरकार अनुदान देतें, आणि कारखानदार व इतर गिऱ्हाइकांच्या दरांतूनही भर घालतात. तेव्हां शेतीचा आंकडा फुगला म्हणजे मागणीही फुगते.

हें आम्ही मनानें रचून सांगत नाहीं. शेतीपंपांचा वापर फुगवून दाखविला जातो ही तक्रार ग्राहकांच्या संघटना कित्येक वर्षें करीत होत्या. अखेर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानें २०२० सालच्या दरनिश्चितीच्या आदेशांत शेतीचा वापर कमी धरला, आणि त्याबरोबर महावितरणची गळती पूर्वी दाखविल्यापेक्षां जास्त निघाली. म्हणजे इतकीं वर्षें जें पाप शेतकऱ्याच्या माथीं मारलें, त्यांतला मोठा वांटा आंकडा कुजलेल्या तारांचा व शहरांतल्या चोरीचाही होता. या आदेशाची बातमी किती वर्तमानपत्रांनीं पहिल्या पानावर छापली? दरवाढीची मात्र दरवेळीं छापतात, आणि शेजारीं मोटारीचें चित्र टाकतात.

शहराचेंही थोडक्यांत सांगतों. नागपूर शहराच्या तीन विभागांत वीज वांटण्याचें काम २०११ मध्यें खासगी कंपनीला दिलें, तेव्हां मोठा गाजावाजा झाला. सप्टेंबर २०१९ मध्यें तें महावितरणला परत घ्यावें लागलें. २०२४ मध्यें स्मार्ट प्रीपेड मीटरांविरुद्ध नागपुरांत लोक उठले, आणि जूनमध्यें सरकारनें सांगितलें कीं सामान्य घरांना ते लागणार नाहींत. पुढें प्रीपेड हा शब्द गळाला आणि स्मार्ट मीटर टीओडी या नांवानें आले. म्हशीचें नांव बदलून दूध वाढत नाहीं.

आतां मोफत विजेविषयीं, कारण प्रश्न येणारच. २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारनें शेतीची वीज मोफत केली. निवडणूक झाली, आणि २००५ मध्यें पुढल्या सरकारनें ती बंद केली. २०२४ मध्यें, पुन्हां निवडणुकीच्या आधींच, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळाली. ती मार्च २०२९ पर्यंत असें कागदावर आहे. ती घ्या. गरजू माणसानें हातीं आलेलें सोडूं नये. पण बिलावर शून्य रुपये दिसले म्हणून तो कागद चुलींत घालूं नका. रुपये शून्य असले तरी युनिट शून्य नसतात. आपल्या नांवावर किती युनिट लिहिले, अश्वशक्ति किती लिहिली, हें त्याच कागदावर असतें, आणि उद्यां आपल्याविरुद्ध तोच आंकडा वाचला जाईल. पूर्वी बिल भरावें लागे म्हणून निदान शिव्या देत कां होईना आपण तें वाचीत होतों.

हिशेब साधा आहे, सातवीतल्या मुलीला येतो. पांच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारें चार युनिट घेते. महिन्यांत मोटार किती तास चालली तें गुणा. थ्री फेज आठ तास म्हणून सांगितली आणि आली पांच, त्यांत डीपी जळून चार दिवस गेले, तर तेवढे वजा करा. जळालेली डीपी किती मुदतींत बदलावी हें नियमांत लिहिलेलें आहे व मुदत चुकल्यास भरपाईची तरतूदही आहे. पण ती जळाल्याची लेखी तक्रार पाहिजे. वायरमनला तोंडीं सांगणें ही तक्रार नव्हे. दरवाढीची मागणी आयोगापुढें आली म्हणजे कोणाही गिऱ्हाइकाला लेखी हरकत घेतां येते, त्याला वकील लागत नाहीं. लागतो तो आंकडा, आणि तो आपल्यापाशीं नसतो म्हणूनच तेथें आपल्याविषयीं दुसरेच बोलतात.

वही शाळेंत ठेवली आहे. मोठ्या वर्गांतलीं मुलें-मुली आपापल्या वावरांत वीज केव्हां आली, केव्हां गेली हें तारीखवार लिहिणार आहेत. ज्यांच्या पंपाला चालू मीटर आहे त्यांनीं येत्या बाजाराच्या दिवशीं रीडिंगचा आंकडा आणून द्यावा. ज्यांना मीटर नाहीं त्यांनीं मोटारीच्या पाटीवरची अश्वशक्ति आणि बिलावरची अश्वशक्ति, दोन्ही चिठ्ठीवर लिहून आणाव्या. माग चालविणाऱ्या मंडळींनीं आपलीं गेल्या वर्षाचीं बिलें आणावीं. तीं याच वहींत, शेतकऱ्यांच्या शेजारच्या पानावर चढवूं.