स्कॉट घराण्याची पश्चिमयात्रा



अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांची चित्रे आपण पाहिलेली आहेत. पुढे खांद्यावर बंदूक टाकलेला पुरुष आणि मागे बैलगाड्यांची रांग. त्या गाडीत बसलेल्या बाईला तिकडे जावयाचे होते की नाही, हे मात्र चित्रकार आपणांस सांगत नाही. आज अशाच एका कुटुंबाची हकिकत सांगावयाची आहे.

अ‍ॅबिगेल स्कॉट ही मुलगी १८३४ साली इलिनॉयमधील एका शेतकऱ्याच्या घरी जन्मली. आई अ‍ॅन हिला बारा मुले झाली, त्यांतली नऊ जगली. सहा मुली नि तीन मुलगे. बाळंतपणांनी आणि कामाने ती माउली खंगून गेली होती. मुलगी झाली म्हणून तिला दुःख होई, आणि त्याचे कारण मुलीचा तिरस्कार हे नव्हते. बाईचा जन्म कसा जातो हे तिने भोगले होते, म्हणून ते दुःख. असे दुःख आपल्याकडच्या आयांना कोणी समजावून सांगावयास नको.

वडील जॉन टकर स्कॉट यांना ओरेगॉनची ओढ लागली होती. १८५० च्या कायद्याने तेथे जाऊन वस्ती करणाऱ्यास सरकार जमीन देत होते. त्या वर्षाअखेरनंतर येणाऱ्या विवाहित जोडप्यास ३२० एकर मिळत, आणि त्यांतला अर्धा वाटा पत्नीच्या नावे! ज्या आदिवासींची ती भूमी, त्यांच्याशी करार पुरे होण्याआधीच हे दान चालू होते, हेही विसरून चालणार नाही.

आईचे मन जाण्याचे नव्हते. तरीही १८५२ च्या एप्रिलमध्ये बिऱ्हाड निघाले. रोजनिशी लिहिण्याचे काम वडिलांनी सतरा वर्षांच्या अ‍ॅबिगेलकडे दिले. तिची शाळा जेमतेम वर्षभराचीही झालेली नव्हती! त्या वर्षी वाटेवर पटकीची साथ होती. जून महिन्यात, फोर्ट लॅरॅमी ओलांडल्यावर, आईला पटकीने गाठले आणि तिथेच तिला पुरावे लागले. जिच्या नावे जमिनीचा अर्धा वाटा व्हावयाचा होता, ती जमीन पाहण्यापूर्वीच गेली. तो मुलूख पुढे वायोमिंगमध्ये आला, आणि अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क १८६९ साली पहिल्याने दिला तो त्याच वायोमिंगने. इतिहासाला असे योगायोग सुचतात. ऑगस्टमध्ये धाकटा भाऊ विली हाही गेला. उरलेली मंडळी शरद ऋतूत ओरेगॉनला पोचली.

पुढच्याच वर्षी अ‍ॅबिगेलने बेंजामिन डनिवे या शेतकऱ्याशी लग्न केले. सहा मुले झाली. नवरा भला, पण एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिला. सही करताना बायकोला विचारण्याची कायद्याला गरज वाटली नाही. वसुलीचे समन्स मात्र तिच्या हाती पडले! शेत गेले. पाठोपाठ गाडीचे जनावर उधळून नवरा जायबंदी झाला. संसार तिच्या अंगावर आला. तिने शाळा चालविली, मग अल्बनी गावात बायकांच्या टोप्यांचे दुकान काढले. टोपी घ्यावयास येणाऱ्या बायका आपापली गाऱ्हाणी सांगत, आणि ती ऐकून ही संतापे. तेव्हा बायकांना मत मिळाल्याशिवाय हे कायदे सुधारणार नाहीत, असे तिला कोणी सांगितले म्हणता? त्याच बेंजामिनने. जामिनकीचे पाप त्याने फेडले म्हणावयाचे!

१८७१ साली तिने पोर्टलंडला ‘न्यू नॉर्थवेस्ट’ हे साप्ताहिक काढले आणि सोळा वर्षे चालविले. त्याच शहरातल्या ‘ओरेगोनियन’ या बलाढ्य पत्राचा संपादक कोण? तिचा सख्खा भाऊ हार्वे. आईच्या त्याच कबरीपाशी तोही चौदा वर्षांचा उभा होता, आणि तरीही स्त्रियांच्या मताला त्याने विरोधच केला. एकाच घरातून दोन वाटा कशा फुटतात पाहा. मला वाटते, भावाला त्या प्रवासात वडिलांचे धाडस दिसले आणि बहिणीला आईची किंमत दिसली.

ओरेगॉनच्या पुरुषांनी पाच वेळा नकार दिला. १८८४ साली पहिला, १९१० साली पाचवा. हार्वे १९१० मध्येच वारला. १९१२ च्या नोव्हेंबरात सहाव्या कौलाला होकार आला. अ‍ॅबिगेल तेव्हा ७८ वर्षांची होती. गव्हर्नर वेस्ट यांनी मताधिकाराचा जाहीरनामा लिहिण्याचे काम तिच्याकडे सोपविले. साठ वर्षांपूर्वी गाडीत बसून रोजनिशी लिहिणाऱ्या त्याच हाताने तिने तो लिहिला आणि गव्हर्नरांच्या सहीबरोबर आपली सही केली.