तेल कुठून गळते?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो संपाविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज आम्ही एका गळक्या मिलिंग यंत्राविषयी बोलणार आहोत. फिरत्या दातेरी कटरने धातू कापून त्याला सपाटी किंवा खाच देणारे हे यंत्र.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. तिथली थोडी कारागिरी लहान खोल्यांतून टिकून राहिली. परळच्या अशाच एका चाळीत, तळमजल्यावर, आमच्या एका फिटर मित्राने जुने लहानसे मिलिंग यंत्र बसवले होते. त्यावरच त्याचे घर चाले. पण यंत्राचे तेल उंबऱ्याखालून व्हरांड्यात येई. एके सकाळी शेजारच्या आजींचा पाय त्यावर घसरला. कठडा हाताशी आला म्हणून त्या बचावल्या. चाळीची बैठक बसली. महिन्याभरात गळती थांबवा, नाहीतर यंत्र हलवा, असे ठरले.

कारखान्यातली जमीन निसरडी राहू नये, असे १९४८ च्या कारखाने कायद्याचे ३२ वे कलम सांगत असे. एका माणसाच्या खोलीला तो कायदा लागू नव्हता; पण पाय काही कायदा पाहून घसरत नाही. चाळकऱ्यांचे म्हणणे रास्तच होते.

आजवर मित्र यंत्राखाली भुसा टाकी आणि वरून तेल ओती. मग आम्ही दोघांनी स्पिंडलचे ऑइल सील बदलले. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा थेंब! दुकानदाराने सील वाईट दिले, असे म्हणून आम्ही मोकळे झालो. दोष देण्यासाठी माणूस चटकन सापडतो. कारण सापडायला वेळ लागतो.

अखेर शांतपणे बसलो. यंत्र रॉकेलने धुऊन कोरडे केले, सांध्यांवर खडूची पूड फासली आणि चालू केले. तेल खाली ओघळते, म्हणून सर्वांत वरचा ओला डाग शोधायचा. पहिला अर्धा तास पूड पांढरी राहिली. गिअरबॉक्स तापला, तेव्हा सील आणि झाकणाचा सांधा दोन्ही ओले झाले. यंत्र थांबवून, वीज तोडून, तेल भरण्याचे बूच सैल केले, तो आतून फुस्स करून हवा बाहेर आली. तापलेली हवा फुगते. तिला जाण्यासाठी वर एक बारीक भोक असते. ते जुन्या रंगाने आणि किसाने बुजले होते. कोंडलेली हवा तेलालाच बाहेर ढकलत होती!

भोक मोकळे केले. पण तेवढ्याने भागणार नव्हते. शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने चर पाडला होता. त्यात नख अडकत होते. नवे सील त्याच चरावर बसले होते. आता ते दोन मिलिमीटर आत बसवले, म्हणजे त्याचा ओठ अभंग धातूवर आला. झाकणाचे कंगोरे कानशीने काढले, नवे पॅकिंग घातले आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. तेल काचेवरच्या खुणेपर्यंतच भरले. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, हाही आमचा भ्रमच होता.

चाळीची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी यंत्र दोन तास चालवले. खडू पांढराच राहिला. दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतः व्हरांड्यावरून पाय फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "राहू दे रे तुझं मशीन." आजही दर रविवारी मित्र त्या भोकात तार घालून पाहतो.

आमच्या कामात आम्ही पुष्कळ चौकश्या पाहिल्या. जिथे थेंब दिसतो, तिथल्या माणसाला बहुधा दोषी धरले जाते. कोंडलेला दाब कुठे आहे, हे विचारणारे थोडे असतात. आपल्या घरी, संस्थेत काही गळू लागले, तर आधी वरचे भोक तपासा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.