कार्ड म्हणजे तिजोरी नव्हे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं आपल्या गणपतीचे, झेंडावंदनाचे फोटो काढताय. पुढच्या महिन्यात सोहळ्याचं शूटिंग करणाऱ्या मुलांना कॅमेऱ्याबद्दल चार गोष्टी सांगा." आता मी काही फोटोग्राफर नाही. बी.कॉम. झालो आणि पस्तीस वर्षं बँकेत नोटा आणि लेजर सांभाळली. तेव्हा मी कॅमेऱ्यावर बोलणार नाही. कॅमेऱ्याच्या पोटात पोस्टाच्या तिकिटाएवढं जे मेमरी कार्ड असतं, त्यावर बोलणार आहे. कारण त्या कार्डापायी मी या सोसायटीचं एक नुकसान केलंय आणि ते कबूल करायची आज वेळ आलीय.

आपल्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, २०१५ साली सोसायटीला पंधरा वर्षं झाली तेव्हा आपले पहिले सेक्रेटरी बोलायला उभे राहिले होते. त्यांना आपण सगळे सेक्रेटरीकाकाच म्हणायचो. जागा कशी बघितली, पैसे कसे जमवले, टँकरवर दिवस कसे काढले, सगळं त्यांनी दीड तास सांगितलं. कागद हातात नव्हता. सगळं तोंडपाठ. मी स्टँडवर कॅमेरा लावून रेकॉर्ड करत होतो. माझा कॅमेरा अर्ध्या तासाने आपोआप थांबायचा, पुन्हा बटण दाबावं लागे. म्हणून तीन तुकडे झाले.

घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पहिला तुकडा छान चालला. दुसऱ्याचं नाव दिसत होतं, किती जीबीचा तेही दिसत होतं, पण उघडेना. तिसराही नाही. नंतरचे सत्काराचे फोटो, तेही सगळे राखाडी चौकोन. पहिल्या तुकड्यात काका शेवटचं वाक्य बोलतात, "आणि ज्या दिवशी वरच्या टाकीत पहिल्यांदा पाणी चढलं, तेव्हा..." आणि तिथे ते संपतं.

मी कार्ड घेऊन डेटा परत मिळवून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्याने दोन दिवसांनी फोन केला. म्हणाला, "काका, पुसलेलं असतं तर परत आणलं असतं. पण हे लिहिलंच गेलेलं नाही. तुमचं कार्ड ६४ जीबीचं नाहीये. ते ८ जीबीचं आहे."

मंडळी, हे कसं होतं ते बँकेच्या भाषेत सांगतो. समजा लेजरमध्ये चौसष्ट लाख शिल्लक दाखवलीय आणि स्ट्राँगरूममध्ये आहेत आठच लाख. जोपर्यंत कोणी मोठी रक्कम काढायला येत नाही, तोपर्यंत सगळं सुरळीत. कार्डाच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो, तो हिशेब ठेवतो. नकली कार्ड बनवणारा त्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवतो. कॅमेरा विचारतो, जागा किती? तो सांगतो, चौसष्ट. पहिले आठ जीबी खरंच लिहिले जातात. पुढचं सगळं हवेत जातं, नाहीतर आधीच्यावरच लिहिलं जातं. फाइलचं नाव मात्र यादीत दिसत राहतं. कॅमेऱ्याने मला एकदाही सूचना दिली नाही.

कार्ड मी सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून घेतलं होतं. वेष्टनावर नामांकित कंपनीचं नाव, छपाई झकास. आयुष्यभर काउंटरवर एकेक नोट मोजून, उजेडात धरून घेतली आणि कार्ड मात्र न मोजता घेतलं! सौ. मला अजून ऐकवते.

तर माझ्यावर जी पाळी आली ती या मुलांवर येऊ नये म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, खरेदी. सॅनडिस्क, सॅमसंग, किंग्स्टन, सोनी, कुठलंही नावाजलेलं कार्ड घ्या. पण लक्षात ठेवा, नाव जेवढं मोठं तेवढी नक्कल जास्त. शंभराच्या नकली नोटेपेक्षा पाचशेची नकली छापणं परवडतं, तसंच हे. म्हणून नाव बघण्याआधी विकणारा बघा. कंपनीचा अधिकृत विक्रेता, पक्कं बिल, वॉरंटी. इतर सगळीकडे जो भाव आहे त्याच्या निम्म्यात कोणी देत असेल, तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

दुसरी गोष्ट, मोजून घेणं. नवीन कार्ड आलं की त्याच दिवशी तपासा, म्हणजे परत करायची मुदत हातात असते. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून जुळतंय का बघतो. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी कॉम्प्युटरवरचे सिनेमे, फोटो, जे असेल ते कार्ड भरेपर्यंत त्यात टाकावं. मग कार्ड काढावं, पुन्हा लावावं आणि शेवटी टाकलेल्या फाइली उघडून बघाव्यात. पहिल्या नाही, शेवटच्या! नोटांच्या बंडलात वरची नोट नेहमी खरीच असते.

एक मात्र आहे. ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर साधारण ५९ जीबी दाखवतं. ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत, एवढाच फरक. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

तिसरी गोष्ट, कार्डावरचे आकडे. ठळक छापलेला १०० किंवा १७० हा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. आपल्याला हवा लिहिण्याचा. त्यासाठी बारीक खुणा बघा. इंग्रजी 'सी'च्या आत १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. 'यू'च्या आत ३ किंवा 'व्ही ३०' म्हणजे किमान ३० एमबी. नुसत्या फोटोंना पहिलं पुरतं. फोर-के व्हिडिओ काढणार असाल तर दुसरं घ्या, नाहीतर शूटिंग मध्येच थांबतं. आणि कॅमेरा जुना असेल तर त्याचं माहितीपुस्तक उघडा. बरेच जुने कॅमेरे ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात. मोबाइलचं नखाएवढं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात चालतं, पण महत्त्वाच्या कार्यक्रमाला नको. जेवढे जोड जास्त, तेवढी बिघडण्याची ठिकाणं जास्त.

चौथी गोष्ट, मोठं एक घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या. १२८ जीबीचं एकच कार्ड बिघडलं तर सगळा सोहळा गेला. दोघांकडे दोन कॅमेरे, दोन वेगळी कार्डं, म्हणजे निदान अर्धं तरी हाती राहतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नका. कार्ड रिकामं करायचं ते कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून, आणि तेही कॉपी झाल्याची खात्री केल्यावर. चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. तसंच बाजूला ठेवा, परत मिळण्याची शक्यता असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा कार्ड अस्सल आहे, महागाचं आहे, तपासलेलं आहे. तरी त्यावर भरवसा किती ठेवायचा? दिवस संपेपर्यंत! बँकेत काउंटरच्या ड्रॉवरमध्ये दिवसभर रोकड असते, पण संध्याकाळी हिशेब जुळवून ती स्ट्राँगरूममध्ये जातेच. ड्रॉवरमध्ये रात्रभर कोणी पैसे ठेवत नाही. कार्ड म्हणजे तो ड्रॉवर. त्यातल्या फोटोंचं अस्तित्व म्हणजे सूक्ष्म विद्युतभार. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं तर तो हळूहळू गळतो. आपल्या किती घरांत जुनी कार्डं देवघराच्या खणात 'जपून' ठेवलेली आहेत, मला माहीत आहे.

स्ट्राँगरूम म्हणजे काय, तर तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. वेगळ्या ठिकाणी का, ते मी दहा वर्षांचा असताना शिकलो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. ट्रंक भिजली, आईच्या लग्नाचे सगळे फोटो चिखलात गेले. आज माझ्या घरात आजोबांचा जो एकमेव फोटो आहे, तो वाचला कारण आईने त्याची एक प्रत साताऱ्याला मामाकडे पाठवली होती. आईला बॅकअप हा शब्द माहीत नव्हता. भावाला आठवण असावी, एवढाच हेतू होता.

आपल्या पुण्यातच लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. त्यांनी देशभरातून जुन्या रिळा शोधून आणल्या. तरीसुद्धा १९३१ चा 'आलम आरा', आपल्या देशाचा पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाचं हे होतं, तर आपल्या सोसायटीच्या फोटोंची काय कथा!

एक गंमत सांगतो. आपली सोसायटी रजिस्टर झाली २००० साली, आणि कॅमेऱ्याचं हे एसडी कार्डही त्याच वर्षी बाजारात आलं. तेव्हा ते ३२ आणि ६४ मेगाबाइटचं होतं. आज ६४ गिगाबाइट, म्हणजे हजारपट. जागा हजारपट वाढली, पण सांभाळायची जबाबदारी काही कार्डाने घेतली नाही. ती आपलीच आहे.

सेक्रेटरीकाका २०१८ मध्ये गेले. त्यानंतर मी पाच जुन्या सभासदांना विचारलं, टाकीत पाणी चढलं तेव्हाचं काका काय म्हणाले होते? पाच जणांनी पाच उत्तरं दिली. गेल्या वर्षी त्यांचा नातू परदेशातून आला होता. आजोबांचं ते भाषण बघायचंय म्हणाला. मी त्याला अर्धा तास दाखवलं. बाकीचं नाही, हे सांगताना माझी मान वर झाली नाही. काकू आज पहिल्या रांगेत बसल्यात. काकू, तुमची जाहीर माफी मागतो.

आणि एक विनंती करतो. समितीशी बोलून ठरवलंय, पुढच्या रविवारी काकू आणि आणखी चार जुने सभासद यांच्या आठवणी आपण रेकॉर्ड करणार आहोत. दोन कॅमेरे, दोन तपासलेली कार्डं. त्याच संध्याकाळी एक प्रत सोसायटीच्या ऑफिसमधल्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठवणीत आणि एक पेन ड्राइव्हवर माझ्या मुलीकडे नाशिकला. दर वर्षी वार्षिक सभेच्या आधी सेक्रेटरींनी त्या उघडून बघायच्या, ऑडिटसारखं. घरोघरी असलेले जुने फोटोही आणून द्या, स्कॅन करून लगेच परत करू. हवी तर पावती देतो, सवय आहे मला!

टाकीत पाणी चढलं तेव्हा काय झालं, ते काकूंना माहीत आहे. मी आज विचारणार नाही. रविवारी कॅमेरा सुरू झाल्यावर विचारू.