क्विंटस: पाचवा, पण कशात?



रोमन लोकांनी केवढं साम्राज्य उभं केलं, पण नावांच्या बाबतीत ते भलतेच कंजूष! आपलं बारसं बाराव्या दिवशी, त्यांच्या मुलाचं नवव्या. मात्र प्रजासत्ताकाच्या अखेरीस सर्रास चालणारी पुरुषांची पहिली नावं होती जेमतेम अठरा. त्यामुळे शिलालेखात पूर्ण नाव कोरायची गरजच नसे, एखाद्या अक्षरावर काम भागे. त्या अठरांतलं एक क्विंटस.

क्विंटस म्हणजे पाचवा. लॅटिनमधला ‘क्विंक्वे’ आणि आपला ‘पाच’ मूळचे एकाच भाषाकुळातले, लांबचे का होईना पण भाऊबंद. तेव्हा पाचवा मुलगा तो क्विंटस, असं आपण म्हणून मोकळे होऊ. पण मग पहिला, दुसरा, तिसरा, चौथा गेले कुठं? जुन्या घराण्यांत क्विंटस, सेक्स्टस, डेसिमस, म्हणजे पाचवा, सहावा, दहावा, हे भेटतात. आधीचे चौघे जवळपास दिसतच नाहीत.

याचं एक उत्तर मला फार पटतं. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू होई. पहिल्या चार महिन्यांना स्वतःची नावं होती, पाचव्यापासून नुसती मोजणी: क्विन्टिलिस, सेक्स्टिलिस, सप्टेंबर... क्विन्टिलिस महिन्यात जन्मला तो क्विंटस! आपल्याकडे नाही का, सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळ्या? पुढं इ.स.पूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरच्या नावानं क्विन्टिलिसचा जुलै झाला. महिन्याचं नाव गेलं, माणसाचं राहिलं.

हे नाव मिरवणारेही थोर. रोमवर चालून आलेल्या हॅनिबलशी समोरासमोर लढाई टाळून त्याला जेरीस आणणारा सेनानी फेबियस, कवी होरेस, दोघेही क्विंटस.

पण मला आठवतो तो प्रसिद्ध वक्ता सिसेरोचा धाकटा भाऊ. थोरला मार्कस, हा क्विंटस, दोघंच भाऊ. इ.स.पूर्व 54 च्या हिवाळ्यात गॉलमध्ये शत्रूनं वेढलेली छावणी यानं सीझर येईपर्यंत लढवली. तोवर या नावातली मोजणी कधीच विरली होती, ते वडिलोपार्जित दागिन्यासारखं घराण्यात फिरे. या दुसऱ्या मुलाचं नाव ‘पाचवा’, आणि त्यानं आपल्या मुलाचंही नाव ठेवलं क्विंटस. तो तर त्याचा एकुलता एक.