कोल्ड रूमच्या कागदावर सही करण्याआधी
(द्वारका, नाशिक येथे गटप्रमुखांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कर्ज काढून द्राक्षासाठी कोल्ड रूम घ्यायची, असं काही गटांनी ठरवलंय. चांगलंच आहे. पण हप्ते आपल्यालाच फेडायचेत, म्हणून सहीआधी एवढं समजून घ्या.

खोली थंड असणं आणि माल थंड होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरम भाकरी टोपलीत एकावर एक रचल्या, की वरची गार होते, मधल्या मात्र गरमच राहतात आणि त्यांना घाम सुटतो. पेट्यांचंही तसंच. त्यात तोडलेलं द्राक्ष श्वास घेतच असतं, स्वतःही उष्णता सोडतं. जितका उशीर, तितके देठ सुकतात, मणी मऊ पडतात आणि भाव उतरतो.

म्हणून आपल्याकडच्या पॅकहाऊसमध्ये आधी प्रीकूलिंग करतात. पंखा पेट्यांच्या थप्पीतून हवा जोरात ओढतो, म्हणजे थंड हवेला पेटीच्या भोकांतूनच जावं लागतं. ती मण्यांची उष्णता घेते आणि यंत्राच्या थंड नळ्यांना देते. नळ्यांमधला गॅस ती बाहेरच्या युनिटपर्यंत नेतो, आणि तिथला पंखा ती बाहेरच्या हवेत सोडतो. काही तासांत माल 4 अंशांच्या आसपास आला, की मग तो 0 अंशाजवळच्या साठवणीत जातो.

हिशोब बघा. 1 टन द्राक्षं 30 वरून 4 अंशांवर आणायची, तर 1000 वॅटची शेगडी 26 तासांत देईल साधारण तेवढी उष्णता बाहेर काढावी लागते. वीज त्याहून कमी लागते, कारण यंत्र उष्णता फक्त इकडून तिकडे नेतं. पण हे काम 6 तासांत हवं असेल, तर यंत्र तेवढ्या ताकदीचं पाहिजे. नुसत्या साठवणीच्या खोलीचं ते काम नाही.

तेव्हा विक्रेत्याला "किती अंश थंड होते?" एवढंच विचारू नका. "किती किलो गरम माल, किती तासांत, किती अंशांवर येईल?" हे विचारा आणि लेखी घ्या.

बाकीचं आपल्या हातात आहे. तोडणी सकाळी लवकर करा. पेट्यांची भोकं समोरासमोर ठेवा. बाहेरचं युनिट सावलीत, भिंतीपासून सुटं ठेवा आणि त्याच्या जाळीवरची धूळ काढत जा.

कोटेशन आलं की गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. मीही येईन, मिळून तपासू.